नगरच्या लिहित्या बायका

आमच्या जिल्ह्याची ओळख परमुलखातील माणसाला करून द्यायची म्हटली, म्हणजे आम्ही ठराविक चार गोष्टी सांगतो. निजामशाहीचा किल्ला, चांदबिबी, नेवाशाचा खांब आणि प्रवरेकाठचे साखर कारखाने. अलीकडे त्यात चोंडीची भर पडली आहे. 1725 साली जामखेड तालुक्यातील त्या लहानशा गावी अहिल्याबाई होळकर जन्मल्या आणि 2024 साली त्यांचेच नाव जिल्ह्याला मिळाले. अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. एका बाईच्या नावाने ओळखला जाणारा जिल्हा हा मान काही थोडका नव्हे. मात्र या जिल्ह्याची एक सहावी ओळखही आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. या मातीत बायकांनी लेखणी धरली ती फार लवकर, आणि पुष्कळ वेळा ती देवाच्या दारात बसून धरली. आज वाचकांच्या फराळाच्या ताटाशेजारी मी हीच गोष्ट मांडणार आहे.

मी कादंबऱ्या लिहिते आणि पोटासाठी शाळेत शिकवते. माझी स्वतःची शिक्षणाची गाडी मॅट्रिकच्या स्टेशनवर थांबली, तेव्हा हा काही पंडिताचा प्रबंध नव्हे. परंतु लिहिणाऱ्या बाईला आपल्या आधी कोण लिहून गेले हे पाहावेसे वाटतेच. माहेरची वाट सांगावी लागत नाही, तसे ते आहे.

आरंभ तेराव्या शतकापासून करावा लागतो. चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथात बायकांना पुरुषांइतकीच जागा होती आणि त्या बायकांत महदाइसा अग्रणी होती. तिने रुक्मिणीस्वयंवरावर रचलेले ‘धवळे’ प्रसिद्ध आहेत, आणि मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचे नाव घेतले जाते. ती मोठी चौकस बाई होती. स्वामींना प्रश्न विचारून ती भंडावून सोडी, आणि तिने विचारले म्हणूनच कितीतरी उत्तरे आज आपल्यापर्यंत पोचली. पुढे सराळ्याचे म्हाइंभट स्वामींच्या आठवणी गोळा करायला निघाले. सराळे आमच्याच गोदाकाठचे. ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील पहिला गद्य चरित्रग्रंथ म्हाइंभटांच्या नावावर आहे आणि तो मान त्यांचाच आहे. पण ज्यांनी त्या आठवणी जिवापाड जपल्या आणि सांगितल्या, त्यांत महदाइसेसारख्या बायका होत्या हे विसरता येत नाही.

याच पंथातील आणखी एक हकीकत मला फार मोलाची वाटते. नागदेवाचार्यांच्या एका विद्वान शिष्याला ग्रंथरचना संस्कृतात करण्याची हौस होती. आचार्यांनी त्याला अडवले. कारण काय, तर संस्कृत झाले की पंथातील म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानाला मुकतील! वाचकहो, विचार करा. आपल्या भाषेत ग्रंथ का लिहावेत याचे जे अगदी जुने कारण नोंदले गेले आहे, ते दरबार नव्हे, विद्यापीठही नव्हे, तर पोथी ऐकायला बसलेल्या म्हाताऱ्या आहेत. त्यानंतर थोड्याच काळात, 1290 साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, आणि ज्ञानदेवांची धाकटी बहीण मुक्ताबाई हिचे अभंग आजही वारीत गाइले जातात.

आता मधली पाचशे वर्षे ओलांडून जाऊ. जात्यावरच्या ओव्या त्या काळातही चालू होत्याच. पण त्या कागदावर आल्या नाहीत, आणि कागदावर न आलेल्या साहित्याचा धनी कोण हे सांगता येत नाही.

1831 साली अमेरिकन मराठी मिशनने नगरला आपले ठाणे घातले. 1839 साली तेथे सिंथिया फरार नावाची एक बाई आली. ही अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर प्रांतातली, वयाने चाळिशी ओलांडलेली आणि अविवाहित. बाईने एकटीने परदेशी जाऊन काम करायचे, ही गोष्ट तिच्या देशातही त्या काळी नवलाची होती. 1827 साली ती प्रथम मुंबईस आली, दहा वर्षे तेथे मुलींच्या शाळा चालवून प्रकृतीसाठी मायदेशी गेली आणि बरे वाटताच परत फिरली ती थेट नगरला. 1862 साली नगरातच तिने देह ठेवला. तिच्या शाळेत हिंदू मुली येत. घरोघर जाऊन, आयांची समजूत घालून त्यांना आणावे लागे.

हीच ती शाळा, जी पाहायला जोतीराव फुले आपले स्नेही गोवंडे यांच्यामुळे नगरला आले. ती पाहून त्यांच्या मनात जे पेटले, त्याचा उजेड 1848 साली पुण्याच्या भिडेवाड्यात पडला. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे धडे फरारबाईंपाशी घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. 1854 साली सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. म्हणजे शिक्षिका होताच सहा वर्षांत ती बाई कवयित्रीही झाली होती. पाटीवर अक्षर उमटले की मनातले शब्द फार दिवस आत राहत नाहीत.

याच सुमारास आणखी एक नगरी धागा दिसतो. 1842 साली मिशनने नगरला ‘ज्ञानोदय’ हे पत्र सुरू केले. पुढे त्याचे बिऱ्हाड मुंबईला गेले. याच ‘ज्ञानोदया’त 1855 साली मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध छापून आला. ती फुल्यांच्या शाळेत शिकत होती आणि वय होते अवघे चौदा. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना तिने थेट धर्मालाच प्रश्न विचारला. ज्या धर्माचे पुस्तक आम्हाला पाहायचीही मोकळीक नाही, तो धर्म आमचा कसा, असा तिचा रोख होता. पत्र मिशनऱ्यांचे, शाळा सत्यशोधकाची, मुलगी अस्पृश्य मानलेल्या घरची, आणि विषय देव! मराठीत स्त्रीने लिहिलेल्या गद्याचा आरंभ शोधू गेले की हा निबंध लागतो. तो वाचल्यावर वयाचा हिशेब करावासा वाटत नाही.

येथे कोणी म्हणेल, ही तर मिशनची कथा झाली; बायकांनी स्वतः काय केले? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर दोन ठिकाणी शोधावे लागते.

पहिले ठिकाण समुद्रापलीकडचे आहे. 1868 साली अमेरिकेतील बॉस्टन शहरी काही चर्चमधील बायकांनी आपले स्वतंत्र स्त्री-मंडळ काढले. ते चालवणाऱ्या बायका बहुतांशी घरंदाज गृहिणी होत्या. त्यांनी वर्गणी गोळा केली, सभा भरवल्या, परदेशी गेलेल्या शिक्षिकांची पत्रे मागवली आणि ती छापण्यासाठी आपले मासिकही काढले. नगरसारख्या ठिकाणच्या मुलींच्या शिक्षणाला जो पैसा येई, त्यात या चिल्लर वर्गणीचा भाग असे. दूरच्या स्वयंपाकघरातली पै इकडे पाटी होऊन येत होती. अर्थात त्या पत्रांतून आपल्या बायकांचे जे चित्र तिकडे रंगवले जाई, ते पुष्कळदा एकांगी असे. ज्याच्याकडून मदत हवी त्याला आपले दारिद्र्य दाखवावे लागते. येथे तर आपले दारिद्र्य दुसरेच दाखवत होते.

दुसरे ठिकाण आपल्या घरचे. 1882 साली पंडिता रमाबाईंनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापन केला. बायकांनी बायकांसमोर उठून बोलायचे, वाचायचे, आपले विचार मांडायचे, अशी ती सभा. त्याच साली त्यांचे ‘स्त्रीधर्मनीति’ निघाले. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या, विलायत-अमेरिका पाहून आल्या, 1889 साली त्यांनी शारदा सदन काढले आणि दुष्काळातल्या पोरक्या मुलींसाठी केडगावी मुक्तिसदन उभारले. (नगर शहराला लागून आहे ते केडगाव वेगळे, हे दौंडजवळचे.) तेथे त्यांनी जे केले त्याला मला तोड दिसत नाही. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले, साध्या बायाबापड्यांना समजावे म्हणून सोप्या मराठीत. आणि ते छापले कोणी? सदनातल्याच बायकांनी. खिळे त्यांनी जुळवले, यंत्र त्यांनी चालवले. 1922 साली रमाबाई निवर्तल्या आणि 1924 साली तो ग्रंथ बाहेर आला. 1901 च्या शिरगणतीत हिंदुस्थानात हजारी जेमतेम सहा बायका साक्षर होत्या, हे मनाशी धरून त्या छापखान्याकडे पाहावे.

आता आमच्या नगरच्या खऱ्या मानाच्या बाईकडे वळते. लक्ष्मीबाई टिळक! माहेरच्या गोखल्यांची मनू. रेव्हरंड नारायण वामन टिळकांशी लग्न झाले तेव्हा त्या अगदी पोर होत्या. रीतसर शाळा त्यांनी पाहिली नाही. 1895 साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि घर दुभंगले. लक्ष्मीबाई काही वर्षे पंढरपूरसारख्या ठिकाणी आप्तांच्या आश्रयाने राहिल्या. त्या दुःखातच त्यांची कविता सुरू झाली. पुढे त्या नगरला पतीकडे आल्या, आरंभी आपले सोवळे सांभाळून राहिल्या, आणि मग स्वतःच्या विचाराने, कोणाच्या धाकाने नव्हे, 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

नगर आणि राहुरी येथल्या त्यांच्या संसारात माणसांचा राबता असे. दुष्काळाने उघडी पडलेली मुले त्या घरी आली, प्लेगच्या छावणीत लक्ष्मीबाईंनी रोग्यांची सेवा केली, बालकवी ठोंबऱ्यांसारखा कवी त्यांच्या घरी मुलासारखा राहिला. त्या काळी त्यांची ओळख लेखिका म्हणून नव्हती. टिळक कवी, टिळक ‘ज्ञानोदया’चे संपादक, आणि लक्ष्मीबाई पाहुण्यांचे पान वाढणाऱ्या. परंतु सभेला बायका जमवणे, त्यांच्याशी बोलणे, भजनाला बसवणे, आजाऱ्याकडे धावणे ही कामे त्यांच्याच गळ्यात पडत. त्या कामांना पगार नव्हता, आणि त्यांची नोंदही कोणी ठेवत नव्हते.

1919 साली टिळक गेले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. लक्ष्मीबाईंनी पदर खोचला आणि पुढचे 64 अध्याय रचले. अखेरचा अध्याय मुलाने, देवदत्त टिळकांनी, पुरा केला आणि 1938 साली ग्रंथ छापून निघाला. मधल्या काळात टिळकांचे चरित्र लिहिण्यासाठी मुलाने आईकडे आठवणी मागितल्या. आई लिहू लागली आणि नवऱ्याचे चरित्र लिहिता लिहिता स्वतःचे लिहून गेली. ‘संजीवनी’ साप्ताहिकातून आलेल्या त्या आठवणी म्हणजे ‘स्मृतिचित्रे’. 1934 पासून तिचे भाग निघू लागले. 1933 साली मराठी ख्रिस्ती साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले होते. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या वारल्या. ‘स्मृतिचित्रे’चा शेवटचा भाग पाहायला त्या नव्हत्या.

पासष्टीच्या घरात मराठीतील एक अपूर्व आत्मचरित्र लिहिणारी ही बाई! वाचकांना वाटेल, किती भाग्याची. मला मात्र दुसराच विचार छळतो. मुलाने आठवणी मागितल्या नसत्या तर? ही बाई चाळीस वर्षे लोकांची घरे सांधत, बायकांची मने जुळवत हिंडली. तिच्यापाशी एवढे भांडार आहे हे घरातल्यांना ठाऊक असेल; पण ‘तू लिही’ असे म्हणणारे कोणी भेटले नसते, तर आज तिचे नाव टिळकांच्या चरित्रात एका ओळीपुरते उरले असते.

माझ्या मते बायकांच्या धार्मिक मंडळांचा सगळा इतिहास या एका प्रश्नात आहे. बाईला घराबाहेर पडायला देवाचे निमित्त पुरे असे. कीर्तनाला, पारायणाला, प्रार्थनासभेला गेली तर कोणी हटकत नसे. तेथे चार बायका जमत, एक वाचणारी निघे, बाकीच्या ऐकत. आमच्या नगरला कृष्णाजी सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा घातली, तेव्हा वारकऱ्यांचा टाळ-मृदंगच त्यांनी उचलला. म्हणून धर्म बदलला तरी बायकांच्या कानातली ओवी बदलली नाही. त्या ऐकण्यातून एखादी पद जुळवू लागे, दुसरी ते उतरून घेई. असे मंडळ चालते ठेवायला एक बाई लागते. ती सतरंजी घालते, गैरहजर असलेलीच्या घरी जाऊन चौकशी करते, वर्गणीचे पैसे रुमालात बांधून ठेवते, लाजणारीला पुढे ढकलते. दुसऱ्यांना लिहिते करता करता तिचे स्वतःचे लिहिणे उद्यावर जाते. लक्ष्मीबाईंचे तर चाळीस वर्षे उद्यावर गेले. बहुतेकींचा तो उद्या उजाडतच नाही.

आमच्या गावच्या महिला भजनी मंडळाची एक जुनी वही माझ्या पाहण्यात आहे. निळ्या शाईने ओढलेल्या रेघा, एका बाजूला हजेरी, दुसऱ्या बाजूला जमाखर्च. खडीसाखर, कापूर, पेटीची दुरुस्ती, पंढरीला जाणाऱ्या म्हातारीला दिलेली मदत. मागच्या पानांवर भजने, आणि त्यांत चार-दोन अशी की कोठल्याही छापील गाथेत मी ती पाहिली नाहीत. म्हणजे ती कोणी तरी तेथेच बसून रचली. हजेरीत नावे कशी? सुताराची सून, मास्तरांच्या घरच्या, धोंडूची आई. स्वतःच्या नावाने एकही बाई त्या वहीत नाही. आणि सगळ्यात चटका लावणारी गोष्ट ही, की जिने वर्षानुवर्षे ती वही ठेवली तिचे नाव तर सुताराच्या सुनेइतकेही नाही. ती हजेरी घेत होती. तिची हजेरी कोण घेणार? अक्षर मात्र वळणदार आहे. प्रत्येक वेलांटी डोक्यावरच्या पदरासारखी नीट घेतलेली.

गावातल्या जुन्या बायकांना मी ती वही दाखवली. दोघींनी दोन निराळ्या बायकांची नावे घेतली आणि तिसरी म्हणाली, “बाई, कुणी का लिहीना, भजन चालू होतं ना?” हे उत्तर मोठ्या मनाचे आहे. पण मोठ्या मनाची किंमतही मोठी पडते. असाच मोठेपणा महदाइसेच्या प्रश्नांच्या बाबतीत म्हाइंभटांनी दाखवला असता, तर प्रश्न कोणी विचारला ते आपल्याला कधीच कळले नसते. त्यांनी कोण काय म्हणाले हे नावानिशी टिपले. सातशे वर्षांपूर्वी सराळ्याच्या एका पंडिताला जे सुचले, ते फोन खिशात घेऊन हिंडणाऱ्या आपल्याला सुचायला हरकत नसावी.

धर्माने बायकांना लेखणी दिली असे म्हटले तर ते अर्धेच खरे ठरेल. त्याच धर्माच्या नावाने रमाबाईंना आणि लक्ष्मीबाईंना स्वकीयांचे शब्द सोसावे लागले, आणि मुक्ता साळवेच्या लोकांना तर पुस्तकाची सावलीही नाकारली गेली. मला एवढेच दिसते, की दार ज्याने बंद केले त्याच्याच ओसरीवर बसून या बायका अक्षरे गिरवत राहिल्या. महानुभाव, वारकरी, सत्यशोधक, ख्रिस्ती – ओसऱ्या वेगळ्या. गिरवणे एकच.

आता दिवाळी आली. घराघरांत साफसफाई झाली असेल किंवा व्हायची असेल. माळ्यावरचे ट्रंक खाली येतात, जुने कागद रद्दीत जातात आणि घर कसे आरशासारखे लख्ख होते. तेवढ्यात एक करा. एखादी शिवणीतून सुटलेली वही हाती लागली, तिच्यात भजने, ओव्या, भिशीचे हिशेब, बारशाची गाणी असे काही दिसले, तर ती लगेच रद्दीवाल्याच्या तराजूत टाकू नका. घरातल्या वडील बाईला विचारा, हे अक्षर कोणाचे? ती जे नाव सांगेल ते पहिल्या पानावर लिहून ठेवा. सासरचे आणि माहेरचे, दोन्ही. आणि ती स्वतःच म्हणाली, “अगं, माझंच की!” तर तिला एक कोरी वही आणि चांगला पेन भाऊबीजेच्या ओवाळणीत घाला.